दवाखाना कसा हवा? विचारा आजीला!

बालमित्रांनो, तुम्हाला ताप येतो तेव्हा आई काय काय करते, जरा आठवून पाहा. औषध तर ती देतेच. पण त्याआधी अंथरूण कुठं घालायचं ते ठरवते. वारा थेट अंगावर येणार नाही, पण जीवही गुदमरणार नाही अशी जागा शोधते. डोळ्यांवर उजेड येत असेल तर पडदा ओढते. धाकट्या भावंडांना दटावते, "हळू बोला रे!" टीव्ही बंद होतो. उशाशी पाण्याचा तांब्या येतो. आणि घरातलं कुणीतरी, बहुधा आजीच, जवळ बसून राहते.

इमारती बांधण्याचं शिक्षण काही आईनं घेतलेलं नसतं. पण आजारी माणसाला हवा, शांतता, पाणी आणि आपलं माणूस लागतं, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

आता एखादा मोठा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब बोळ. कुठून आलो आणि कुठं जायचं ते कळत नाही. डोळ्यांत घुसणारी ट्यूबलाइट, फिनेलचा वास, लोखंडी खाटांचा खडखडाट. दारावर पाटी : 'नातेवाइकांनी बाहेर थांबावे'. सगळेच दवाखाने असे नसतात हं! पण असे दवाखाने आपण सर्वांनी पाहिलेत. आईनं घरी जे जे केलं, नेमकं त्याच्या उलट तिथं घडत असतं.

मग प्रश्न पडतो, दवाखान्याची इमारतसुद्धा आजाऱ्याला बरं व्हायला मदत करू शकेल का? आणि ती तशी व्हावी यासाठी कुणाला विचारायचं? या प्रश्नाचं फार सुंदर उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलेलं आहे. ते पाहण्याआधी थोडं आमच्या सातपुड्यात डोकावू या.

डोंगरातलं घर

आमचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्याचे सहा तालुके. त्यांतले अक्राणी (म्हणजे आपलं धडगाव) आणि अक्कलकुवा हे दोन तालुके सातपुड्याच्या डोंगरांत पसरलेले. इथं भिल्ल आणि पावरा लोकांची वस्ती मोठी. त्यांची घरं गावठाणासारखी भिंतीला भिंत लावून नसतात. एक घर या टेकाडावर, तर शेजाऱ्याचं घर पलीकडच्या टेकाडावर! लाकडाचे खांब, बांबूच्या कुडाच्या भिंती, वरून मातीचा लेप आणि डोक्यावर कौलं. घरात माणसं, चूल, धान्य, आणि बऱ्याचदा गुरंसुद्धा एकाच छपराखाली. कुडाच्या फटींतून वारा खेळतो. अंथरुणावर पडल्या पडल्या कोण आलं, कोण गेलं, बाहेर ऊन आहे की आभाळ आलंय, सगळं कळतं.

या घरात सगळंच चांगलं असतं असं मुळीच नाही. चुलीचा धूर डोळ्यांत आणि छातीत जातो, ते काही आरोग्याला बरं नव्हे. पण अशा घरात जन्म काढलेल्या एखाद्या आजीला एकदम मोठ्या शहरातल्या चार मजली दवाखान्यात नेलं, तर तिला काय वाटेल? चोहोबाजूंनी पक्क्या भिंती. खिडकी उंचावर. भाषा वेगळी. पाट्या वाचता येत नाहीत. पायऱ्या चढायची सवय नाही, कारण घरात जिनाच नसतो. आणि सोबत आलेल्या मुलाला बाहेर काढलेलं.

अशी आजी पुढच्या वेळी काय करते? दुखणं अंगावर काढते. दवाखान्यात यायला तयार होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. आजार साधाच असतो, औषधही कपाटात तयार असतं, पण त्या औषधापर्यंत माणूसच पोहोचत नाही. म्हणून दवाखान्याच्या इमारतीचा प्रश्न हा नुसत्या रंगरंगोटीचा नाही, तो जीव वाचण्याचा प्रश्न आहे.

गडचिरोलीत काय घडलं?

महाराष्ट्राच्या नकाशावर नंदुरबार अगदी वायव्येच्या टोकाला, तर गडचिरोली थेट पूर्वेच्या टोकाला. तिथंही घनदाट जंगल, तिथंही आदिवासी बांधव. ते प्रामुख्याने गोंड समाजाचे. १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे डॉक्टर पती-पत्नी गडचिरोलीत काम करायला आले. दोघांनी नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेलं आणि पुढचा अभ्यास अमेरिकेत केलेला. मोठ्या शहरात त्यांना सहज काम मिळालं असतं. पण जिथं डॉक्टर नाहीत तिथं जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी 'सर्च' ही संस्था सुरू केली.

त्यांच्या लक्षात आलं, की आदिवासी माणसं सरकारी दवाखान्यात जायला नाखूश असतात. का बरं? आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, "लोक अडाणी आहेत, त्यांना काय कळतंय!" आणि विषय संपला असता. बंग डॉक्टरांनी तसं केलं नाही. त्यांनी लोकांनाच विचारलं, तुम्ही दवाखान्यात का जात नाही?

लोकांनी जी कारणं सांगितली, ती मोठी विचार करायला लावणारी होती. एक म्हणजे, दवाखान्याची इमारत इतकी मोठी, की तिच्यात गेल्यावर आपण हरवून जाऊ अशी त्यांना भीती वाटे. दुसरं कारण कपड्यांचं. डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात, आणि पांढरं कापड तर मेलेल्या माणसाला गुंडाळतात! पांढऱ्या कपड्यांतली इतकी माणसं पाहून आजारी माणसाला काय वाटत असेल, सांगा बघू. तिसरं कारण, रोग्याला आत ठेवतात आणि घरच्यांना बाहेर काढतात. गोंडांच्या गावात कुणी आजारी पडलं, तर सगळं घर त्याच्याभोवती असतं. आणि चौथं, दवाखान्यात आपला देव नाही.

मुलांनो, या चारांपैकी एक तरी कारण वेडेपणाचं आहे का? मला तर चारही अगदी शहाणपणाची वाटतात.

मग बंग डॉक्टरांनी लोकांच्या सल्ल्यानेच दवाखाना उभारला. गडचिरोली शहरापासून काही मैलांवर, चातगावजवळच्या जंगलात 'शोधग्राम' नावाची वसाहत १९९० नंतरच्या काळात उभी राहिली. तिथला दवाखाना म्हणजे एकच मोठी इमारत बांधली नाही. आदिवासी खेड्यात असतात तशी छोटी छोटी, झोपडीसारखी घरं बांधली. रोगी आणि त्याच्या घरची माणसं तिथं एकत्र राहू शकतील अशी सोय केली. आजूबाजूला झाडं. आणि दवाखान्याला नाव दिलं 'माँ दंतेश्वरी'. दंतेश्वरी ही त्या भागातल्या आदिवासींची मोठी देवी. म्हणजे चौथा प्रश्नही सुटला!

आता तुम्ही म्हणाल, झोपडीत दवाखाना म्हणजे उपचारही तसेच का? मुळीच नाही. तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया, सगळं शास्त्रशुद्ध. विज्ञानात तडजोड केली नाही, फक्त ते विज्ञान ज्या घरात ठेवायचं, ते घर लोकांच्या ओळखीचं केलं. खेड्यातला माणूस तिथं आला की त्याला आपण परक्या मुलखात आलो असं वाटू नये, एवढाच उद्देश. पण तो 'एवढाच' किती मोठा आहे!

याच जिल्ह्यात, भामरागडजवळच्या हेमलकसा इथं, १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. त्यांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे तिथं काम करू लागले. सुरुवातीला इमारत कुठली! झाडाखालीच रोगी तपासले जात. लोक जवळ यायलाही भीत. मग आमटे पती-पत्नी माडिया भाषा शिकले. डॉ. प्रकाश आमट्यांनी तर पांढरा कोटच काय, शर्टपँटही सोडली, आणि साधी बंडी आणि अर्धी चड्डी हाच आपला वेश केला. पाहिलंत? दवाखाना म्हणजे केवळ विटा आणि सिमेंट नाही. कपडे, भाषा, आवाज हेसुद्धा त्या दवाखान्याचे भागच असतात.

खिडकीतून झाड दिसतं त्याची गोष्ट

"हे सगळं ठीक आहे हो, पण इमारतीमुळे माणूस खरंच लवकर बरा होतो याला पुरावा काय?" असं तुमच्यापैकी एखादा चिकित्सक विद्यार्थी विचारेल. विचारायलाच हवं! विज्ञानात पुरावा मागितल्याशिवाय पुढं जायचं नसतं.

अमेरिकेत रॉजर उलरिच नावाच्या संशोधकाने हाच प्रश्न घेतला. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका दवाखान्यात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी त्याने काढल्या. त्या दवाखान्यातल्या काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, आणि काही खोल्यांच्या खिडकीतून नुसती तपकिरी विटांची भिंत. बाकी खोल्या जवळजवळ सारख्याच. त्याने रोग्यांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतले दोघे वयाने, प्रकृतीने शक्य तितके सारखे, फरक फक्त खिडकीचा. एकाला झाड, दुसऱ्याला भिंत.

काय दिसलं असेल? झाड दिसणारे रोगी सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. म्हणजे पाऊण दिवसाचा फरक! शिवाय झाड पाहणाऱ्यांनी वेदना थांबवण्याची कडक औषधं कमी घेतली, आणि त्यांच्याबद्दलच्या नर्सच्या तक्रारीही कमी होत्या. १९८४ साली हा अभ्यास 'सायन्स' या प्रसिद्ध नियतकालिकात छापून आला आणि जगभरचे डॉक्टर आणि वास्तुविशारद (म्हणजे इमारतींचे आराखडे करणारे तज्ज्ञ) त्यावर बोलू लागले.

झाड काही औषध देत नाही. पण वेदनेकडे लागलेलं मन ते थोडा वेळ दुसरीकडे नेतं. पानं हलतात, पाखरू येतं, ऊन सरकतं. पडून राहिलेल्या माणसाला तेवढाही विरंगुळा पुष्कळ असतो.

खिडकीचं महत्त्व याच्याही कितीतरी आधी एका बाईनं ओळखलं होतं. तिचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलं असेल, फ्लॉरेन्स नाइटिंगेल. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी झालेल्या सैनिकांची सेवा करायला ती तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी दवाखान्यात गेली. तिथं जखमांपेक्षा रोगांनीच जास्त सैनिक मरत होते. इमारत कोंदट, घाण, आणि खाली तुंबलेली गटारं. १८५५ साली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्या काळी रोगजंतूंचं ज्ञान अजून नीट झालेलं नव्हतं, तरी स्वच्छता आणि हवा यांची किमया सगळ्यांना दिसली. पुढे १८५९ साली तिनं दवाखाने कसे बांधावेत यावर एक पुस्तकच लिहिलं. लांबट दालन, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या, खाटांमध्ये पुरेसं अंतर, आणि वारा या बाजूने येऊन त्या बाजूने जाईल अशी रचना. तशी दालनं पुढे अनेक देशांत बांधली गेली.

छताकडे पाहणारा माणूस

तुम्ही आता बसून हा लेख वाचत असाल. जरा जमिनीवर उताणे झोपा बरं! काय दिसतं? छत. आणि बहुधा डोळ्यांवर येणारा दिवा.

खोली बांधणारा माणूस उभा राहून खोली पाहतो. रोगी मात्र ती झोपून पाहतो. हा साधा फरक फिनलंड देशातल्या आल्व्हार आल्टो या वास्तुविशारदाने बरोबर पकडला. १९३३ साली त्याने पाइमियो गावी क्षयरोग्यांसाठी बांधलेला दवाखाना पूर्ण झाला. त्या काळी क्षयावर गुणकारी औषध नव्हतं. स्वच्छ हवा, ऊन आणि विश्रांती हाच उपाय. रोगी महिनोन् महिने पडून असत. म्हणून आल्टोने छताला डोळ्यांना निववणारा गडद, सौम्य रंग दिला. दिवा अशा जागी बसवला, की झोपलेल्याच्या डोळ्यांवर तो थेट येऊ नये.

आणि सगळ्यांत गंमत ऐका. एका खोलीत दोन रोगी असायचे. एकजण रात्री उठून हात धुऊ लागला, तर पाण्याच्या आवाजानं दुसऱ्याची झोप मोडायची. मग आल्टोने हात धुण्याचं भांडंच असं घडवलं, की पाण्याची धार त्यावर तिरकी पडावी आणि आवाज होऊ नये! एवढ्याशा गोष्टीचाही त्याने विचार केला.

आवाजाची गोष्ट क्षुल्लक नाही बरं का. रोग्यांच्या खोलीत रात्री साधारण ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ साली सुचवलं. आपलं साधं बोलणंच ६० डेसिबलच्या आसपास असतं. म्हणजे खाटेजवळ उभं राहून मोबाइलवर मोठ्यानं बोलणारे काका आजाऱ्याच्या झोपेचं केवढं नुकसान करतात, पाहा!

उघडी खिडकी, मोफत औषध

क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. खोकणाऱ्या माणसाच्या खोलीत हवा कोंडली, तर शेजारच्यालाही धोका. पेरू देशातल्या लिमा शहरात काही शास्त्रज्ञांनी ८ दवाखान्यांतल्या ७० खोल्यांत हवा किती खेळते हे मोजलं आणि २००७ साली प्रसिद्ध केलं. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या, की खोलीतली हवा तासाभरात सरासरी २८ वेळा बदलते असं दिसलं. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्यांत ती १२ वेळाच बदलत होती. आणि सगळ्यांत चांगल्या ठरल्या त्या जुन्या, उंच छताच्या, मोठमोठ्या खिडक्यांच्या खोल्या. नवं ते सगळंच चांगलं असं नसतं!

याच विचारानं आफ्रिकेतल्या रवांडा देशात, बुटारो नावाच्या डोंगराळ गावी २०११ साली एक दवाखाना सुरू झाला. तिथं कोंदट बोळच ठेवले नाहीत, ये-जा बाहेरच्या पडवीतून होते. खाटांचं डोकं दालनाच्या मधल्या भिंतीकडे आणि तोंड खिडकीकडे, म्हणजे प्रत्येकाला समोर डोंगर दिसतात. भिंतींसाठी त्याच भागातला ज्वालामुखीचा काळा दगड वापरला, आणि तो घडवला तिथल्याच गवंड्यांनी. त्यामुळे लोकांना कामही मिळालं आणि दवाखाना आपला वाटू लागला. सातपुडाही काळ्या दगडाचाच आहे, नाही का?

मात्र आपल्याकडे नुसती खिडकी उघडून भागत नाही. नंदुरबारचा उन्हाळा म्हणजे काय, ते इथल्या मुलांना सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर! २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची लाट आली, खाटा कमी पडू लागल्या, तेव्हा नंदुरबार रेल्वे स्थानकावर गाडीच्या डब्यांत रोग्यांची सोय केली होती. पण पत्र्याचा डबा उन्हात तापणारच. मग त्यांना कूलर बसवावे लागले. घाईच्या वेळी जे मिळेल ते वापरावं लागतं, त्यात चूक नाही. पण निवांतपणे नवी इमारत बांधताना तरी आपल्याकडचं ऊन लक्षात घ्यायला हवं. पश्चिमेच्या भिंतीला रुंद पडवी, छपरावर सावली किंवा पांढरा रंग, अंगणात कडुनिंब. हे सगळं आपल्या वाडवडिलांना माहीत होतं. त्याला वीजबिलही येत नाही.

माहेर नावाची खोली

आता परत आपल्या डोंगरात येऊ. पावसाळ्यात नाले भरतात, वाटा बंद होतात. मग आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून, खांद्यावर घेऊन मैलोन् मैल चालत न्यावं लागतं. या झोळीला लोक 'बांबूलन्स' म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण झोळीत बाळंतपणाच्या कळा सोसणारी आई असेल तर? वाटेतच तिची सुटका झाली आणि काही बिघडलं, तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

यावर एक साधा उपाय म्हणजे 'माहेरघर'. महाराष्ट्राच्या आदिवासी जिल्ह्यांत २०१०-११ पासून ही योजना सुरू झाली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात एक घर किंवा खोली. बाळंतपणाच्या काही दिवस आधीच त्या बाईनं तिथं येऊन राहायचं. सोबत तिचं लहान मूल आणि घरचं एक माणूस. जेवणाची सोय असते. कळा सुरू झाल्या की डॉक्टर हाकेच्या अंतरावर! नाव किती छान शोधलंय पाहा. आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते. सरकारी कागदावर 'प्रसूतिपूर्व निवास कक्ष' असं काही लिहिलं असतं, तर कोण गेलं असतं तिथं?

पण नुसतं नाव देऊन खोली माहेर होत नाही. तिथं पाणी नसेल, रात्री दिवा नसेल, संडासाला कडी नसेल, तर बाई दुसऱ्याच दिवशी घरी परतेल. आणि मग पुन्हा तीच झोळी, तोच नाला.

तीच गोष्ट पोषण पुनर्वसन केंद्राची. फार अशक्त झालेल्या बाळांना तिथं साधारण दोन आठवडे ठेवून खाऊपिऊ घालतात, औषधं देतात. आईही सोबत राहते. म्हणून अशा केंद्रात स्वयंपाकघर, खेळायची जागा, खेळणी आणि भिंतींवर चित्रं असावीत असा नियमच आहे. पण विचार करा, आईला घरी अजून दोन लेकरं असली तर? तिचा जीव तिकडं ओढ घेतो आणि बाळ पुरतं बरं होण्याआधीच ती निघून जाते. मोठ्या लेकराला मावेल एवढी जास्तीची जागा, एक पाळणा, एक अंगण एवढं असलं, तरी ती आई थांबू शकते. दोन आठवडे थांबणं म्हणजे त्या बाळाला केवढा मोठा आधार!

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजारही बराच आढळतो. हे रोगी पुष्कळ पाणी प्यायले पाहिजेत, आणि त्यांनी थंडीपासून जपलं पाहिजे. नाहीतर हाडं, सांधे भयंकर दुखतात. अशा मुलाच्या खाटेपासून पाण्याचा माठ किती पावलांवर आहे, हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा होतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. छान इमारत म्हणजे डॉक्टर नव्हे. झाड पाहून मलेरिया जात नाही, त्याला गोळ्याच लागतात. शस्त्रक्रियेची खोली बंद आणि निर्जंतुकच हवी, तिथं आजीला बसवता येणार नाही. संसर्गाचा रोगी असेल तेव्हा भेटायला गर्दी करून चालणार नाही. इमारतीचं काम एवढंच, की माणसानं यावं, न घाबरता थांबावं, आणि औषधाला आपलं काम करू द्यावं.

करून पाहा

आता तुमच्यासाठी थोडा अभ्यास. आई-बाबांना किंवा गुरुजींना सोबत घेऊन, आणि तिथल्या डॉक्टरांची परवानगी काढून, जवळच्या आरोग्य केंद्राला भेट द्या. वही-पेन्सिल आणि मोजपट्टी बरोबर न्या. रोग्यांचे फोटो काढू नका, आणि कुणाला कोणता आजार आहे ते विचारू नका हं!

१. बाहेरच्या बाकावर पाच मिनिटं बसा. ऊन लागतं का? पाणी कुठं आहे? किती पावलांवर?

२. पाट्या पाहा. वाचता न येणाऱ्या माणसाला औषधाची खिडकी सापडेल का? चित्र काढून ती पाटी कशी करता येईल?

३. चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे का, ते मोजा. नियम असा, की १ फूट उंची चढायची असेल तर उताराची लांबी निदान १२ फूट हवी. उतार त्याहून आखूड असेल तर खुर्ची ढकलणं अवघड आणि उतरताना घसरण्याचा धोका. तुमच्या शाळेचा उतारही मोजून पाहा!

४. खिडक्या मोजा. समोरासमोर आहेत का? उघडतात का? त्यातून काय दिसतं, झाड की भिंत?

५. घरी आलात की आजी-आजोबांना विचारा, "दवाखान्यात तुम्हाला कशाची भीती वाटते?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. हसू नका आणि मध्येच समजवायला जाऊ नका.

पालकांनाही एक विनंती. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला आणि ग्रामीण रुग्णालयाला एक रुग्ण कल्याण समिती असते. मुलांनी जमवलेली माहिती तिच्यापुढे ठेवा, ग्रामसभेत वाचून दाखवा. प्रत्येक गोष्टीला लाखो रुपये लागतात असं नाही. उन्हाच्या बाजूला दोन कडुनिंब लावायला, पाण्याचा माठ खाटेजवळ सरकवायला, पाटीवर चित्र काढायला आणि अडकलेली खिडकी तासून मोकळी करायला फारसा खर्च येत नाही. चित्रांची पाटी तर पाचवीची मुलंही रंगवू शकतील. भिलोरी, पावरी येणारी मुलं असतील तर ती आपल्या भाषेतले शब्दही लिहून देतील.

आणि आजीचं उत्तर लिहून घेतलंत की एक प्रत संपादकांकडेही पाठवा. निवडक उत्तरं आपण याच पानावर छापू.